गोष्टीतील श्रद्धा आणि आपली मुले

(हीरक महोत्सवी वर्षातील वाचन सप्ताहाच्या समारोपप्रसंगी मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



महोत्सवाच्या निमित्ताने गेल्या काही महिन्यांत शाळेच्या ग्रंथालयाची झाडाझडती झाली. फाटलेली पुस्तके बांधणीला गेली, नव्यांची नोंद झाली आणि प्रत्येक खणावर विषयाची पट्टी लागली. एका खणावर 'ख्रिस्ती साहित्य व अनुवादित कथा' अशी पट्टी लागली आणि आठवड्याभरात माझ्याकडे दोन प्रश्न आले. एका पालकांनी विचारले, "बाई, ही पुस्तके लहान मुलांच्या हाती कशाला? गोष्टीच्या निमित्ताने धर्म शिकवला जातो." त्यांच्या स्वरात राग नव्हता, काळजी होती. दुसरा प्रश्न आमच्याच एका माजी विद्यार्थिनीचा. ती मराठी ख्रिस्ती कुटुंबातली. तिची मुलगी आज आपल्या शाळेत सहावीत आहे. ती म्हणाली, "बाई, लेकीने शाळेतून 'हायडी' आणली. त्या छोट्या पुस्तकात हायडीची प्रार्थनाच नाही. आमचा देव तेवढा गोष्टीतून का गाळतात?"

एकाला वाटते की गोष्टीत धर्म फार आहे; दुसरीला वाटते की तो उरलेलाच नाही. दोघांनाही उत्तर देणे मुख्याध्यापिका या नात्याने माझे कर्तव्य आहे, आणि ते उत्तर सर्वांसमोर द्यावे म्हणून आजचा विषय मी मागून घेतला. मी ख्रिस्ती नाही. माझ्या माहेरी तिन्हीसांजेला हरिपाठ होत असे. पण जवळजवळ तीस वर्षे मराठी शिकवताना ख्रिस्ती श्रद्धेतून आलेल्या अनेक गोष्टी मी मुलांबरोबर वाचल्या. त्यांतून काय मिळते आणि ते कसे शोधावे, एवढेच आज सांगणार आहे.

आरंभी एक गोष्ट स्पष्ट करते. हे साहित्य मराठीला परके नाही. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज धर्मोपदेशक १५७९ साली गोव्यात आले, आणि १६१६ साली त्यांचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना आपल्या जुन्या पुराणश्रवणाची उणीव भासत होती. ती भरून काढण्यासाठी स्टीफन्स यांनी येशूचे चरित्र त्यांच्या ओळखीच्या छंदात सांगितले. मराठी भाषेचा गौरव करणाऱ्या त्यांच्या ओव्या आपण अभिमानाने सांगतो. पुढे १८५७ साली बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' आले, जिला मराठीतील पहिली कादंबरी म्हटले जाते. मुलांसाठी 'बालबोधमेवा' हे मासिक १८७२ साली अमेरिकन मराठी मिशनने सुरू केले. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून संपूर्ण बायबलाचे मराठी भाषांतर केले. आणि अगदी अलीकडे, २०२० साली, उस्मानाबादच्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद 'सुबोध बायबल'कार फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्याकडे होते. बडोद्यासारख्या ठिकाणी, मराठी मुलखाबाहेर, आपण मराठी शाळा साठ वर्षे चालवली ती ही भाषा सगळीच्या सगळी मुलांना मिळावी म्हणून. तिचा एक खण कुलूपबंद ठेवून उरलेली भाषा देणे मला जमणार नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येते. पुस्तकातली श्रद्धेची शिकवण सापडते कुठे?

आपल्याला शाळेत लागलेली एक सवय आहे. गोष्ट संपली की खाली 'तात्पर्य' लिहायचे. 'चोरी करू नये', 'गर्वाचे घर खाली'. तात्पर्य परीक्षेला उपयोगी पडते. मात्र ते लिहून झाले की गोष्टीची गरज संपते. ज्या गोष्टींबद्दल मी बोलते आहे त्यांचे तात्पर्य काढायला गेले की हाती 'दया करावी' एवढेच येते, आणि तेवढे तर मुलांना आधीच ठाऊक असते. अशा गोष्टीत एखादे पात्र असे काही करते की ते आपल्या नेहमीच्या हिशेबात बसत नाही. वाचणारा तिथे अडखळतो. माझ्या अनुभवात शिकवण त्या अडखळण्याच्या जागी असते.

ऑस्कर वाइल्ड यांची स्वार्थी राक्षसाची गोष्ट घ्या. १८८८ साली 'द हॅपी प्रिन्स'बरोबर ती प्रसिद्ध झाली. राक्षस आपल्या बागेतून मुलांना हाकलतो, भिंत बांधतो, आणि बागेत हिवाळा ठाण मांडून बसतो. मुले भिंतीच्या भोकातून आत शिरतात तेव्हा वसंत परततो. फक्त एका कोपऱ्यात एक अगदी लहान मूल झाडाच्या फांदीपर्यंत पोचू शकत नाही म्हणून रडत असते. राक्षस त्याला उचलून झाडावर बसवतो आणि स्वतःच्या हाताने भिंत पाडतो. इथवर सगळ्या मुलांना कळते. पण गोष्ट इथे संपत नाही. राक्षस म्हातारा होतो, ते मूल पुन्हा दिसते, आणि या वेळी त्याच्या तळहातांवर आणि पावलांवर खिळ्यांच्या जखमा असतात. राक्षस संतापतो: कोणी केले हे? मूल सांगते की या जखमा प्रेमाच्या आहेत.

क्रुसाची कथा ज्याला माहीत नाही त्याला हा शेवट कळूच शकत नाही. म्हणून मी वर्गात गोष्ट थांबवते आणि सांगते: ख्रिस्ती लोक मानतात की येशूला खिळ्यांनी क्रुसावर ठोकले, आणि त्याने ते दुःख माणसांसाठी सोसले. लेखकाने ते मूल त्याच्या रूपात आणले आहे. एवढे सांगायला दोन मिनिटे लागतात. यात कोणाचा धर्म बदलत नाही; गोष्ट मात्र पूर्ण होते. हा शेवट गाळून छापलेले पुस्तक वाचले तर मुलाला वाटते की बाग सर्वांना खुली ठेवावी एवढेच सांगायचे होते. प्रेम करणाऱ्याला जखमा सोसाव्या लागतात, हा अर्धा भाग त्याच्या हातून निसटतो.

गाळण्याचा हा प्रकार फार जुना आहे. डॅनियल डिफो यांचा 'रॉबिन्सन क्रूसो' १७१९ सालचा. मुलांच्या आवृत्तीत आपल्याला बेट, बकऱ्या, फ्रायडे आणि वाळूतला पाऊलठसा भेटतो. मूळ कादंबरीत क्रूसो हिवतापाने फणफणलेला असताना औषध म्हणून तंबाखू शोधायला पेटी उघडतो, आणि तिथे त्याला बायबल सापडते. आतापर्यंत तो बेटावरून सुटका मागत होता. ते वाचल्यावर त्याला वाटते की आपल्याला खरी सुटका हवी आहे ती आपल्या अपराधांपासून. कादंबरी इथे वळते, आणि संक्षिप्त आवृत्त्यांत बहुधा हेच पान नसते. मुलांना झोपडी कशी बांधली ते कळते. एकटा माणूस इतकी वर्षे वेडा का झाला नाही, ते कळत नाही.

आमच्या विद्यार्थिनीने ज्या 'हायडी'विषयी विचारले तिचीही तीच कथा. योहाना स्पीरी यांनी हे पुस्तक १८८० आणि १८८१ साली दोन भागांत लिहिले. डोंगरावरून फ्रँकफुर्टला नेलेली हायडी घराच्या ओढीने झुरते, प्रार्थना करते आणि काहीच घडत नाही म्हणून ती सोडून देते. क्लाराची आजी तिला समजावते की मागितलेले लगेच मिळाले नाही म्हणून देवाने ऐकले नाही असे नव्हे. पुढे हायडी घरी परतते आणि सचित्र पुस्तकातली एक गोष्ट आजोबांना वाचून दाखवते. बापाकडून वाटणी घेऊन गेलेला, सगळे उधळून डुकरे राखण्याची पाळी आलेला आणि शेवटी घरी परतलेला मुलगा; आणि दुरूनच त्याला पाहून धावत सुटलेला बाप. हे आजोबा वर्षानुवर्षे गावाशी बोललेले नसतात. त्यांची समजूत अशी की एकदा तुटलेला माणूस पुन्हा परतू शकत नाही. ते ती गोष्ट ऐकतात, रात्री झोपलेल्या नातीजवळ उभे राहून हात जोडतात, आणि रविवारी चांगले कपडे घालून तिच्याबरोबर गावातल्या चर्चमध्ये जातात. प्रार्थना आणि ही गोष्ट गाळली तर आजोबा बदलतात कशाने, याचे उत्तर पुस्तकात उरत नाही. म्हणून त्या पालकभगिनींना माझे उत्तर असे: तुमचे म्हणणे रास्त आहे. ग्रंथसमितीने या वर्षापासून शक्य तिथे संपूर्ण आवृत्त्या घेण्याचे ठरवले आहे.

आता थोडे मोठ्यांच्या पुस्तकांविषयी बोलते, कारण समोर बसलेले बहुतेक जण आता मोठे आहेत.

टॉल्स्टॉय यांनी १८८५ साली मार्टिन नावाच्या चांभाराची एक कथा लिहिली. तळघरातल्या खोलीच्या खिडकीतून त्याला रस्त्यावरच्या माणसांचे फक्त पाय दिसतात. पायताणांवरून तो माणसे ओळखतो. बायको आणि एकुलता मुलगा गमावलेला हा माणूस शुभवर्तमान वाचू लागतो, आणि एका रात्री त्याला आवाज ऐकू येतो की उद्या मी येईन, रस्त्याकडे लक्ष ठेव. दुसऱ्या दिवशी तो वाट पाहतो. येतो कोण? बर्फ उपसून थकलेला म्हातारा. त्याला तो चहा पाजतो. तान्हे मूल घेऊन थंडीत कुडकुडणारी बाई. तिला जेवण आणि कपडा देतो. सफरचंद चोरणारा पोर आणि त्याला धरून ठेवणारी विक्रेती. त्यांच्यात तो समेट करतो. येशू काही येत नाही. रात्री त्याला कळते की तो दिवसभर येतच होता.

ही कथा सांगितली की वर्गात हटकून कोणीतरी म्हणते, "बाई, हे तर एकनाथांसारखं!" रामेश्वराला न्यायचे गंगेचे पाणी नाथांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजले, ती कथा. मुलाने ही जोड स्वतः लावली की मला मनापासून आनंद होतो. पण मी तिथे थांबत नाही. 'सगळे धर्म शेवटी सारखेच' असे म्हणून वही मिटणे सोपे आहे. मी विचारते की या दोन कथांत फरक काय? एकदा बराच वेळ चर्चा झाल्यावर आठवीच्या एका मुलाने उत्तर दिले: नाथांना माहीत होते, मार्टिनला माहीत नव्हते. उत्तर अचूक होते. नाथांची दृष्टी तयार आहे. त्यांना गाढवात रामेश्वर दिसतो, म्हणून ते पाणी पाजतात. मार्टिनला समोरच्या म्हाताऱ्यात म्हातारा माणूसच दिसतो. शुभवर्तमानातील ज्या उताऱ्यावर ही कथा उभी आहे त्यातही सज्जन माणसे चकित होऊन विचारतात की आम्ही तुला कधी जेवू घातले? आपण देवाची सेवा करतो आहोत हे ठाऊक नसताना केलेली सेवा, हा त्या शिकवणीचा गाभा आहे. शेजाऱ्याची श्रद्धा आपल्यासारखी कुठे आहे आणि वेगळी कुठे आहे, हे दोन्ही कळले की तिच्याविषयी आदर वाटतो. नुसत्या साम्यावर थांबलो तर शेजाऱ्याच्या आरशात आपण आपलाच चेहरा पाहून परत येतो.

दुसरे पुस्तक व्हिक्टर ह्यूगो यांचे, १८६२ सालचे 'ले मिझराब्ल'. पाव चोरल्याबद्दल आणि पुढे पळून जाण्याच्या प्रयत्नांबद्दल एकोणीस वर्षे शिक्षा भोगलेला जाँ व्हालजाँ बिशपच्या घरी आसरा घेतो आणि त्याचीच चांदीची भांडी चोरतो. पोलीस त्याला धरून आणतात. बिशप म्हणतो की भांडी मीच दिली होती, आणि मेणबत्त्यांची चांदीची घरे विसरलास तीही घेऊन जा. 'करावे तसे भरावे' या हिशेबावर वाढलेल्या आपल्या मनाला ही मोठीच ठेच आहे. ख्रिस्ती परंपरेत जिला कृपा म्हणतात ती ही: लायकी नसताना मिळालेले दान. वारकरी घरातल्या मला 'कृपा' हा शब्द परका नाही. पण चोराच्या पिशवीत चांदीच्या वजनाने पडलेली कृपा मी प्रथम या पुस्तकात पाहिली. कादंबरी एवढ्यावर थांबत नाही. व्हालजाँचा आयुष्यभर पाठलाग करणारा पोलीस अधिकारी झावेर शेवटी त्याच्याच हातून जीवदान मिळवतो, आणि ते त्याला सोसवत नाही. तो नदीत जीव देतो. क्षमा करणे अवघड हे आपण ऐकलेले असते. क्षमा स्वीकारणे काही माणसांना त्याहून अवघड जाते, हे मला झावेरने शिकवले.

पालकहो, हा विषय पुस्तकातला राहत नाही. दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये माझ्या दालनात नापास झालेली, कॉपी करताना धरलेली, घरातून पैसे उचललेली मुले उभी असतात. शेजारी मान खाली घातलेले आईवडील असतात. उधळ्या मुलाच्या त्याच गोष्टीत एक थोरला भाऊही आहे. तो घर सोडून गेलेला नाही, त्याने काम चुकवलेले नाही, आणि धाकट्यासाठी मेजवानी चाललेली पाहून तो बाहेरच उभा राहतो. त्याची तक्रार अगदी रास्त आहे. बाप त्याचीही समजूत घालायला बाहेर येतो. पण तो आत गेला की नाही, ते गोष्टीत सांगितलेले नाही. आपण शिक्षक आणि पालक बहुतेक वेळा थोरल्या भावाच्या जागी उभे असतो. ही गोष्ट मुलांना सांगताना ती आपल्यालाही सांगितली जाते आहे, याचे भान ठेवावे.

एकदा सहावीच्या वर्गात हरवलेल्या मेंढराची गोष्ट चालली होती. शंभरांतले एक हरवते, आणि मेंढपाळ नव्व्याण्णव सोडून त्याला शोधायला निघतो. एक मुलगा उठून म्हणाला, "पण बाई, नव्व्याण्णवांकडे कोण बघणार?" प्रश्न इतका योग्य होता की मी वर्गालाच विचारले. कोणी म्हणाले कुत्रा बघेल, कोणी म्हणाले ती एकमेकांना सांभाळतील. मागच्या बाकावर एक मुलगी होती. वडिलांचे काम सुटल्यामुळे तिची शाळा वर्षभर बंद पडली होती आणि ती नुकतीच परतली होती. ती हळूच म्हणाली, "बाई, तुम्ही पण वर्ग सोडून आमच्या घरी आला होतात ना?" त्या तासाला मी तात्पर्य लिहून दिले नाही.

आता त्या काळजी करणाऱ्या पालकांना उत्तर देते. पुस्तकाने कोणी बदलत नाही असे सांगून मी त्यांची समजूत घालणार नाही. नारायण वामन टिळक राजनांदगावला निघाले असताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. तो वाचत, त्याच्याशी वाद घालत ते पुढे १८९५ साली ख्रिस्ती झाले. पुस्तकात बळ असते म्हणूनच आपण शाळेत ग्रंथालय ठेवतो. पण टिळक तेव्हा तिशी ओलांडलेले, व्युत्पन्न, स्वतंत्र बुद्धीचे कवी होते. निर्णय त्यांचा होता. आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई? त्यांनी पतीमागून लगेच पाऊल उचलले नाही. काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या, भांडल्या, सोवळे सांभाळत राहिल्या. आणि माणसामाणसांतला भेद देवाने केलेला नाही हे स्वतःच्या मनाला पटल्यावरच बदलल्या. लिहिणे-वाचणेही त्या लग्नानंतर शिकल्या होत्या. पुढे टिळकांच्या हातून अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' त्यांनी पूर्ण केले.

त्यांची 'स्मृतिचित्रे' आणि 'यमुनापर्यटन' शेजारी ठेवून पाहा. बाबा पदमनजींची तळमळ खरी होती, आणि विधवांच्या हालांच्या ज्या हकिगती त्यांनी मांडल्या त्या आजही अंगावर येतात. परंतु जिथे लेखक धर्माची बाजू मांडायला उभा राहतो तिथे यमुना मागे सरते आणि वाद पुढे येतो. लक्ष्मीबाई कुठेही बाजू मांडत नाहीत. त्या स्वतःची फजिती सांगतात, नवऱ्याचा विक्षिप्तपणा सांगतात, दारी आलेल्या अनाथ पोरांना पोटाशी धरल्याचे सांगतात, आणि वाचणाऱ्याला हसवतात. त्यांची श्रद्धा त्या पोरांच्या ताटात दिसते. मोठ्यांनी ख्रिस्ती श्रद्धा समजून घेण्यासाठी मराठीत एकच पुस्तक वाचायचे असेल तर मी हेच सुचवीन.

या अनुभवातून शाळेने काही पथ्ये ठरवली आहेत. ती पालकांसमोर ठेवते. गोष्ट ज्या श्रद्धेतून आली ती लपवायची नाही. 'हे ख्रिस्ती लोक असे मानतात' असे स्वच्छ सांगायचे. हेच पथ्य कीर्तनातल्या, जातककथांतल्या आणि सूफी संतांच्या गोष्टींनाही लागू आहे. श्रद्धेवर गुण द्यायचे नाहीत, आणि कोणत्याही मुलाकडून मान्यता वदवून घ्यायची नाही. मुलाने प्रश्न विचारला तर त्याला घरी जाऊन आजीलाही तोच प्रश्न विचारायला सांगायचे. आजीचे उत्तर वेगळे आले तर फार चांगले. मुलाजवळ दोन उत्तरे जमली.

आपल्या या शहराला वाचनाची थोर परंपरा आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० सालापासून राज्यभर ग्रंथालयांचे जाळे विणले आणि पेट्यांमधून पुस्तके खेडोपाडी पाठवली. जो ग्रंथालयापर्यंत येऊ शकत नाही त्याच्यापर्यंत ग्रंथ पोचला पाहिजे, हा त्यामागचा विचार होता. आपल्या शाळेतला तो एक खणही त्याच विचाराने उघडा राहील.

दर शनिवारी शाळा सुटल्यावर ग्रंथालय एक तास पालकांसाठी खुले असते. ज्यांना शंका आहे त्यांनी अवश्य यावे, खणातले कोणतेही पुस्तक घरी न्यावे, आधी स्वतः वाचावे आणि मग मुलाच्या हाती द्यायचे की नाही ते ठरवावे. आमच्या त्या माजी विद्यार्थिनीने 'हायडी'ची संपूर्ण प्रत कालच ग्रंथालयाला भेट दिली आहे. तिची नोंद झाली असून प्रतीक्षायादीत आजच चार नावे आहेत. त्यांतले एक त्या काळजी करणाऱ्या पालकांचे आहे.